बाथटबभोवतीच्या नव्या टाइल्सचे सांधे: सीलर कधी, सिलिकॉन कुठे?

घमेलं
नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाथटबभोवती तीन भिंतींना नव्या टाइल्स लावून झाल्या, त्याला आज पाच दिवस झाले. आधी माहिती देतो.

टब ॲक्रिलिकचा, १.५ मीटर बाय ०.७५ मीटर, खाली लोखंडी फ्रेम आणि पाय. पुढच्या बाजूला विटांचा कट्टा करून त्यालाही टाइल्स लावल्या आहेत. भिंतीच्या टाइल्स ३०० x ६०० मिमी, ग्लेझ्ड, ८ मिमी जाडीच्या. अॅडहेसिव्हवर लावल्या आहेत, सांधे ३ मिमी. सांध्यांत फिकट राखाडी सिमेंट ग्राउट आहे. टबाची कड आणि टाइल्सची सर्वांत खालची ओळ यांच्यात ५ मिमी फट होती, ती मात्र गवंड्याने पांढऱ्या सिमेंटने भरून टाकली. तिथे आताच केसाएवढी चीर दिसतेय. टब अजून एकदाही वापरलेला नाही.

प्रश्न तीन:
ग्राउटवर सीलर कधी आणि कोणता मारायचा?
पांढऱ्या सिमेंटची पट्टी तशीच ठेवून वरून सिलिकॉन ओढलं तर चालेल का?
बोअरचं जड पाणी येतं, तर पुढे निगा कशी राखायची?

ओळंबा
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. चालणार नाही. पट्टी पूर्ण काढावी लागेल.

हिशोब बघा. तुमच्या मापाच्या टबात १५० ते २०० लिटर पाणी बसतं, म्हणजे तितकेच किलो. त्यात माणूस उतरला की अडीचशे किलोच्या आसपास भार होतो. ॲक्रिलिक लवतं, फ्रेमचे पाय किंचित दबतात, आणि टबाची कड मिलीमीटर-दीड मिलीमीटर खाली जाते. पाणी सोडलं की परत वर. भिंत मात्र जागची हलत नाही. या हलत्या आणि स्थिर वस्तूंच्या मधे पांढरं सिमेंट भरलं तर ते तुटणारच. रिकाम्या टबाला पाच दिवसांत चीर पडली आहे, तर भरलेल्या टबाने पंधरवड्यात तुकडे पडतील.

नियम सोपा आहे. जिथे दिशा बदलते किंवा जिन्नस बदलतो, तिथे ग्राउट नाही, सिलिकॉन. म्हणजे टब आणि टाइल, भिंतींचे दोन्ही उभे कोपरे, कट्टा आणि जमीन, कट्टा आणि टब. बाकी सपाट भिंतीवरच्या सगळ्या सांध्यांत ग्राउट.

वरून सिलिकॉन ओढण्यात दोन घोटाळे आहेत. एक, ते जेमतेम मिलीमीटरभर जाडीचं बसतं आणि कडेने सुटतं. दोन, ते टाइल, टब आणि मधलं सिमेंट अशा तिन्ही बाजूंना चिकटतं. सिलिकॉनला ताणायला मोकळीक हवी, म्हणून ते समोरासमोरच्या दोनच बाजूंना धरलेलं असावं. तिसऱ्या बाजूला चिकटलं की मधूनच फाटतं.

रंधा
ओळंबा, +१. अजून एक. पाय दबतात म्हणालात, तर टबाखाली भक्कम आधार आहे का हे आधी बघायला हवं. काही ॲक्रिलिक टबांच्या सोबतच्या कागदात तळाखाली मॉर्टरची गादी करायला सांगितलेली असते, काहींत नसते. कागद वाचा. टबात उभं राहून तळ पायाला लवतोय असं जाणवलं तर आधी तो बंदोबस्त. कितीही चांगलं सिलिकॉन हिंदकळणाऱ्या टबाला सांभाळू शकत नाही.

थापी
पट्टी काढायची कशी ते लिहितो. पाच दिवसांचं पांढरं सिमेंट अजून पूर्ण कडक नाही, त्यामुळे उशीर करू नका.

टबाच्या कडेवर मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर पुठ्ठा, आणि टबाच्या तळाशी जुनी चादर. वरून पडलेला सिमेंटचा एक खडा पायाखाली आला तरी ॲक्रिलिकवर ओरखडा उठतो. मग कार्बाइड पात्याची ग्राउट खुरपणी घेऊन टाइलच्या बाजूने हलक्या हाताने ओढत जा. कंप पावणारं ऑसिलेटिंग मशीन भिंतीच्या उभ्या कोपऱ्यांसाठी छान, पण टबाजवळ नको. हात एकदा निसटला की टबात खाच पडते. टबाला लागून उरलेलं सिमेंट प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीनेच काढायचं, लोखंडी कानस किंवा चाकू नाही.

फट पूर्ण खोलीपर्यंत मोकळी करा. धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर कोरड्या ब्रशने. पाणी मारून धुऊ नका, मग सुकायला दोन दिवस जातील. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही कडा पुसा. थिनर किंवा ॲसिटोन टबाच्या जवळही नेऊ नका, ॲक्रिलिक पांढरं पडतं आणि बारीक जाळी धरतं. सिमेंट विरघळावं म्हणून गवंडी ॲसिड टाकायला निघाला तर थांबवा, शेजारचं नवं ग्राउट त्यात जाईल.

नाहणी
आणि सिलिकॉन भरण्याआधी टब पाण्याने भरा. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते.

ओव्हरफ्लोच्या भोकाच्या किंचित खालपर्यंत पाणी घ्या. टब खाली बसतो, फट जितकी रुंद व्हायची तितकी होते. त्या अवस्थेत सिलिकॉन भरायचं आणि ते पक्कं होईपर्यंत पाणी सोडायचं नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वरून आत असं पिकत जातं, साधारण २४ तासांत २ ते ३ मिमी. तुमचा सांधा ५ मिमी खोल धरला तर ४८ तास. मग पाणी सोडलं की टब वर येतो आणि सिलिकॉन दाबलं जातं. दाबलेलं सिलिकॉन कडेने सुटत नाही, ताणलेलं सुटतं.

टब भरायचा तो पट्टी काढून, कडा पुसून, टेप लावून झाल्यावरच. आणि भरताना फटीत एक थेंबही जाऊ देऊ नका.

गुण्या
एक वेगळं मत. ५ मिमी फट दिसायला भद्दी दिसते. तसंही सिमेंट काढणारच आहात, तर कट्ट्याच्या बाजूची तरी फट २ मिमीवर आणता येईल. बारीक रेघ सुबक दिसते आणि बुरशीला जागाही कमी.

ओळंबा
गुण्या, सुबक दिसेल, टिकणार नाही. चांगल्या सिलिकॉनवर हालचालीचा वर्ग छापलेला असतो, बहुधा २५. म्हणजे सांध्याच्या रुंदीच्या २५ टक्के ताण आणि तितकाच दाब ते सोसतं. ५ मिमीच्या सांध्यात ते सव्वा मिलीमीटर झालं. २ मिमीच्या सांध्यात अर्धा मिलीमीटर. टब दीड मिलीमीटर हलणार असेल तर २ मिमीची रेघ पहिल्याच अंघोळीला सुटेल. तुमचा ५ मिमीचा सांधाही जेमतेम पुरतो, म्हणूनच नाहणी सांगतात ती पाण्याची पायरी गाळायची नाही. गवंड्याने बाकी काही केलं असो, फट सोडली ती बरोबर सोडली.

गुण्या
मान्य. रुंदी आणि ताण यांचा असा हिशोब मांडला नव्हता.

पागोळी
सिलिकॉन कोणतं घ्यायचं हे कुणी लिहिलं नाही. नळीवर 'सॅनिटरी' लिहिलेलं आणि बुरशीरोधक घटक असलेलं, शंभर टक्के सिलिकॉन घ्या. रंगकामाच्या दुकानात मिळणारं ॲक्रिलिक फिलर, ज्याला 'गॅप फिलर' म्हणतात, ते इथे नको. ते सुकताना आक्रसतं आणि सतत ओलं राहिलं तर मऊ पडतं.

सिलिकॉनमध्येही दोन जाती. एकाला पिकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते ॲसिटॉक्सी. काचेला आणि ग्लेझ्ड टाइलला ते झकास चिकटतं. दुसरं न्यूट्रल, वास जवळजवळ नाही. संगमरवर, आरशाची मागची बाजू, तांबं-पितळ किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा जवळ असेल तर न्यूट्रलच, कारण आंबूस जातीचं ॲसिड त्यांना खातं. तुमचा टब ॲक्रिलिक, तेव्हा नळीवर ॲक्रिलिकसाठी चालतं असं छापलेलं बघून घ्या. शंका असेल तर न्यूट्रल.

नळीवरची तारीखही बघा. मुदत उलटलेलं सिलिकॉन आठवडाभर चिकट राहतं, पिकतच नाही.

थापी
मात्रा: तीन बाजूंचा आडवा सांधा ३ मीटर, दोन उभे कोपरे प्रत्येकी १.८ मीटर धरले तर ३.६. एकूण ६.६ मीटर. ५ x ५ मिमीच्या सांध्याला मीटरमागे २५ मिलि लागतं, म्हणजे १६५ मिलि. २८० मिलिची एक नळी पुरून उरते. कट्टा-जमीन, कट्टा-टब धरूनही.

भरायची पद्धत: दोन्ही कडांना सांध्यापासून मिलीमीटरभर सोडून मास्किंग टेप. नळीचं टोक ४५ अंशात, सांध्याच्या रुंदीएवढं कापा. गन एका दमात, एका गतीने ढकला, मधे थांबू नका. एका वेळी एकच भिंत. लगेच वरून साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, मग बोटाने किंवा गोल टोकाच्या प्लास्टिक पट्टीने एकदाच दाबून ओढा. साबणाचं पाणी सिलिकॉन भरल्यावर, आधी नाही. आधी मारलंत तर सिलिकॉन टाइलला धरणारच नाही. टेप लगेच, साय धरायच्या आत काढा. साय दहा ते वीस मिनिटांत धरते. उशिरा टेप ओढली की कड फाटून झालर होते.

काटकोन
मूळ मुद्द्याला हात घालतो. सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. बऱ्याच घरांत सीलर मारला म्हणजे खालच्या फ्लॅटचं छत सुरक्षित असं धरून चालतात. सिमेंट ग्राउटचा सीलर सच्छिद्र ग्राउटच्या आत शिरून छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करतो, डाग आत जाऊ देत नाही, बुरशीला कायमचा ओलावा मिळू देत नाही. पाण्याची वाफ मात्र आरपार जाते, आणि ती जायलाच हवी. पाणी अडवायचं काम टाइलच्या मागच्या थराचं आहे, म्हणजे प्लास्टरवरचे पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात. घमेलं, तो थर भिंतीला किती उंचीपर्यंत केलाय?

घमेलं
जमिनीला आणि भिंतीला सहा फुटांपर्यंत दोन हात केले आहेत. जमिनीवर ४८ तास पाणी साठवून बघितलं होतं, खाली ओल नाही.

काटकोन
मग चिंता नाही. आता सीलर खरोखर त्याच्या कामापुरता.

पाणसळ
सीलरबद्दल सविस्तर.

कधी: बहुतेक सिमेंट ग्राउटच्या पाकिटांवर ७२ तास लिहिलेलं असतं, ते पूर्ण झालेत. पण तास मोजण्यापेक्षा ओलावा बघा. फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा सांध्यांवर चारही बाजूंनी टेपने घट्ट लावा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं किंवा खालचं ग्राउट गडद दिसलं तर अजून थांबायचं. ओल्या ग्राउटवर सीलर आत शिरत नाही, वर पांढुरका थर होऊन बसतो.

कोणता: आत शिरणारा, पेनिट्रेटिंग. चकाकणारा, वर थर देणारा सीलर अंघोळीच्या जागी नको, त्याचे पोपडे निघतात. आत शिरणाऱ्यांतही सिलेन-सिलोक्सेनवाले फक्त पाणी परतवतात. फ्लोरोपॉलिमरवाले पाणी आणि तेल दोन्ही. टबात तेल, शाम्पू, बाथ ऑइल येणारच, म्हणून महाग पडला तरी दुसरा घ्या.

कसा: बारीक ब्रशने फक्त सांध्यावर. टाइलवर उडालेला पाच ते दहा मिनिटांत कोरड्या सुती कापडाने पुसायचा. पुसायचा राहिला तर टाइलवर धुरकट डाग सुकतो. तो काढायला त्याच सीलरचा ताजा थेंब टाकायचा, जुना थर मऊ होतो, लगेच पुसायचं. बाटलीवर सांगितलेल्या वेळाने दुसरा हात. सांधा पिईनासा झाला की पुरे. मग २४ तास पाणी नाही.

तपासणी: दुसऱ्या दिवशी दोन-चार सांध्यांवर पाण्याचे थेंब ठेवा. पाच मिनिटांनी थेंब तसाच गोल आणि खालचं ग्राउट फिकटच असेल तर काम झालं. हीच परीक्षा दर सहा महिन्यांनी. ग्राउट गडद पडायला लागलं की पुन्हा एक हात. शॉवरच्या माऱ्याखाली साधारण वर्ष-दीड वर्षाने, वरच्या भागाला त्याहून उशिरा.

रंधा
हे सगळं टाळायचं असेल तर एपॉक्सी ग्राउट. सीलर लागत नाही, पाणी शोषत नाही, डाग धरत नाही.

थापी
एपॉक्सी चांगलंच, पण घमेलं यांचे सांधे भरून झालेत. आता एपॉक्सी करायचं तर सगळे सांधे टाइलच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश खोल खरवडावे लागतील. सिमेंटवर वरून एपॉक्सीचा पातळ हात मारून देणारे कारागीर भेटतात, ती फसवणूक आहे. पापुद्रा निघून येतो.

नव्याने करणाऱ्यांसाठी मात्र लिहून ठेवतो. एपॉक्सीत तीन भाग असतात: रेझिन, हार्डनर आणि रंगीत पावडर. आधी पहिले दोन एकजीव, मग पावडर. पूर्ण पाकीट एकाच वेळी, अर्धं अंदाजाने काढून मिसळू नका. प्रमाण चुकलं की ते कधीच कडक होत नाही. कालवलेलं मिश्रण घमेल्यात गोळा करून ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि लवकर घट्ट होतं. टाइलच्या तुकड्यावर पसरून ठेवा. हाताशी पाऊण तास असतो. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात त्याहून कमी, तिथे काम पहाटे उरकावं. टाइलवरचं एपॉक्सी कोमट पाणी आणि पांढऱ्या नायलॉन घासणीने त्याच दिवशी दोनदा साफ करायचं. दुसऱ्या दिवशी उरलेला चिकट धुरकटपणा काढताना कारागीर रडकुंडीला येतो. हातमोजे सक्तीचे, रेझिनची त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की कायम राहते. पांढरं एपॉक्सी खिडकीच्या उन्हात पिवळं पडतं, तिथे राखाडी घ्यावं.

आणि एपॉक्सी केलं तरी टबाच्या कडेला सिलिकॉनच. एपॉक्सी सिमेंटपेक्षा चिवट आहे, लवचीक नाही.

उंबरा
आमच्याकडे टबाच्या कट्ट्याला कोटा लावायचा विचार आहे. त्याच्या सांध्यांना हेच लागू?

काटकोन
उंबरा, कोटा, शहाबादी, संगमरवर यांचा क्रम उलटा. दगड स्वतः सच्छिद्र. ग्राउट भरण्याआधीच दगडाला एक हात सीलर, नाहीतर रंगीत ग्राउट कडेने दगडात शिरून चौकटीसारखी काळपट रेघ उमटते, ती निघत नाही. ग्राउट वाळल्यावर दगड आणि सांधा मिळून पुन्हा एक हात. सिलिकॉन न्यूट्रल, आणि तेही दगडात तेलकट डाग सोडणार नाही अशा जातीचं, त्याच्या नळीवर नैसर्गिक दगडासाठी असं लिहिलेलं असतं. हे तिघेही चुनखडीचे, तेव्हा कुठलंही ॲसिड आयुष्यात कधीच नाही.

तांब्या
तांब्या-बादलीला सिलिकॉन लागत नाही :) पण एक खरा प्रश्न. दिवाळीत उटणं लावून टबात अंघोळ झाली तर ग्राउटवर हळदीचे डाग पडतील का? साबण लागल्यावर हळद लाल का होते तेही सांगा.

पाणसळ
तांब्या, छान प्रश्न. हळदीतला कर्क्युमिन हा रंग क्षारयुक्त गोष्टीला लागला की तांबडा होतो. साबण क्षारयुक्त, आणि नवं सिमेंट ग्राउटही क्षारयुक्त. त्यामुळे उटण्यातली हळद आणि आंबेहळद सांध्यात शिरली तर पिवळा नाही, तांबूस डाग दिसतो. वर उटण्यातलं तेल तो डाग आत ओढून नेतं. म्हणूनच मघाशी तेल परतवणारा सीलर सुचवला. अंघोळ संपल्या संपल्या कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घेऊन सांधे मऊ ब्रशने धुवा. राहिलाच तर कर्क्युमिन उन्हात फिका पडतो. खिडकीतून ऊन येत असेल तर चार-सहा दिवसांत बराच जातो. नाहीतर सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात, म्हणजे कपड्यांचं ऑक्सिजन ब्लीच. पंधरा मिनिटं ठेवून धुवा.

पागोळी
रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या मंडळींनी वेळापत्रकात फरक करावा. जून ते सप्टेंबर ग्राउट वाळायला दुप्पट वेळ घेतं, पाणसळ यांची प्लास्टिकची परीक्षा तिथे दोन-तीनदा करावी लागते. बाथरूमचं दार उघडं, एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू. सिलिकॉन मात्र पावसाळ्यात लवकर पिकतं, कारण त्याला ओलावाच हवा असतो. म्हणून पावसाळ्यात सिलिकॉन करून घ्या, सीलर दसऱ्यानंतर. तोवर ग्राउट सीलरशिवाय राहिलं तरी काही बिघडत नाही, रोज पुसत जा.

घमेलं
सगळ्यांचे आभार. दोन नवीन गोष्टी दिसल्या. एक, भिंतीवरचं राखाडी ग्राउट काही ठिकाणी फिकट, काही ठिकाणी गडद आहे. दोन, नळाखालच्या दोन-तीन सांध्यांवर पांढरी पावडर आली आहे, बोटाला लागते.

थापी
दोन्हीचं मूळ पाणी. ग्राउट कालवताना पाकिटावर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त पाणी, किंवा पुसताना टपटपणारा स्पंज. जिथे जास्त पाणी लागलं तिथे रंग फिका आणि सांधा ठिसूळ. रंगाचा फरक वाळताना थोडा कमी होतो, पण पूर्ण जात नाही. नखाने खरवडून बघा. कडक असेल तर फरक फक्त दिसण्याचा आहे, नंतर ग्राउटचा रंग देता येतो. पिठासारखं सुटत असेल तर तेवढे सांधे काढून पुन्हा भरा.

योग्य पद्धत नोंदवून ठेवतो. पाणी मोजून घ्या, त्यात पावडर टाका, कालवा, पाच ते दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा पाणी न घालता कालवा. रबरी थापीने सांध्याला तिरकं दाबून भरा. वीस-तीस मिनिटांनी, सांधा बोटाला घट्ट लागल्यावर, पिळून काढलेल्या स्पंजने तिरकं पुसा. स्पंजची एक बाजू एकदाच, मग धुवा.

दुरुस्तीला त्याच बॅचचं ग्राउट लागेल. तुमच्या मापाला चौरस मीटरमागे सुमारे १९० ग्रॅम बसतं, तीन भिंतींचे ५.४ चौरस मीटर म्हणजे किलोभर. एक किलोचं बंद पाकीट घरात ठेवाच.

काटकोन
पांढरी पावडर म्हणजे क्षार. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा होतो. कोरड्या ताठ ब्रशने झाडा, मग ओल्या कापडाने पुसा. आठ-दहा दिवसांत परत आली नाही तर ते फक्त कालवतानाचं पाणी होतं. परत परत येत राहिली, आणि तीही नळाखालीच, तर मागे पाणी पोहोचतंय. नळाचं एस्कचॉन, म्हणजे भिंतीला टेकणारी ती गोल झाकणी, काढून मागची फट बघा. पाइपाभोवतीचं भोक बहुतेकदा नुसतं उघडं असतं. तिथेही सिलिकॉन. या दोन-तीन सांध्यांना तोवर सीलर मारू नका, नाहीतर क्षार आत अडकेल.

ओसरी
अमेरिकेतल्या मंडळींसाठी थोडं. इथे भिंत विटांची नाही. लाकडी चौकटीवर सिमेंट बोर्ड, आणि भिंतीला टेकणाऱ्या बहुतेक टबांना तीन बाजूंनी उभी ओठासारखी कड असते. बोर्ड त्या ओठाच्या वर थांबतो, टाइल ओठावरून खाली येते आणि टबाच्या सपाट कडेपासून ३ ते ५ मिमी वर थांबते. बाकी सगळं तेच: टब भरा, सिलिकॉन भरा. दुकानात ग्राउटच्या रंगाचं कॉक, म्हणजे नळीतून फट भरायचं मऊ फिलर, मिळतं, त्याच्या नळीवर 'सिलिकोनाइज्ड ॲक्रिलिक' आणि 'शंभर टक्के सिलिकॉन' यांतला फरक वाचून घ्या. पहिलं पाण्याने पुसता येतं म्हणून लोक उचलतात, टबाच्या कडेला टिकत नाही.

ग्राउट 'सँडेड' (वाळूचं) की 'अनसँडेड' (वाळूविरहित) हाही इथला नेहमीचा प्रश्न. ३ मिमीपर्यंत वाळूविरहित, त्यापुढे वाळूचं. रुंद सांध्यात वाळूविरहित भरलं तर सुकताना आक्रसून भेगा पडतात.

नाहणी
तिसरा प्रश्न राहिलाय, जड पाणी. सर्वांत मोठं औषध म्हणजे अंघोळ झाल्यावर टाइल्सवरून हातातलं रबरी वायपर फिरवणं आणि टबाची कड कोरड्या कापडाने पुसणं. भिंतीवर पाणी सुकलंच नाही तर क्षाराचा थर बसणार कुठे?

आठवड्यातून एकदा न्यूट्रल साबण आणि मऊ ब्रश. संडास साफ करायच्या लाल-निळ्या बाटल्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते सिमेंट ग्राउट खातं आणि सीलर पहिल्याच धुण्यात संपवतं. व्हिनेगर आणि लिंबूही त्याच वाटेने जातात, फक्त सावकाश. टाइलवर थर बसलाच तर सौम्य सल्फॅमिक ॲसिडचा क्लीनर, पण आधी सांधे साध्या पाण्याने पूर्ण भिजवून, दोन मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन. त्यानंतर सीलरची थेंब-परीक्षा पुन्हा.

सिलिकॉनवर काळे ठिपके आले तर एक भाग घरगुती ब्लीच, दहा भाग पाणी. टिश्यू भिजवून सांध्यावर अर्धा तास ठेवा, खिडकी उघडी ठेवून. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो. एक वापरून झालं की भिंत भरपूर धुवा आणि दुसरं वेगळ्या दिवशी. काळं आत मुरलं असेल तर घासत बसू नका, सिलिकॉन कापून नवं भरा. नव्याने भरताना जुन्याचा अंशही ठेवायचा नाही, जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही.

रंधा
पुढच्या कट्ट्याला ट्रॅपपर्यंत, म्हणजे टबाखालच्या सांडपाण्याच्या वाकड्या पाइपापर्यंत, हात जाईल अशी झडप ठेवली आहे ना? निदान ३०० x ३०० मिमीची टाइल, चुंबकावर किंवा चारी बाजूंनी सिलिकॉनवर. ग्राउटने बंद केली तर उद्या फोडावी लागेल.

तीच झडप गळती शोधायलाही लागते. टब भरून नुसता ठेवल्यावर खाली ओल आली तर वेस्टचं, म्हणजे तळाच्या निचऱ्याच्या भोकाचं, वॉशर किंवा ओव्हरफ्लो. पाणी सोडताना आली तर ट्रॅप. टब कोरडा ठेवून हँडशॉवरने भिंतीवर पाणी मारल्यावर आली तर सांधे किंवा नळाचं भोक. तिन्ही चाचण्या वेगवेगळ्या दिवशी, मधे सगळं सुकू देऊन.

घमेलं
झडप आहे, ग्राउटने बंद केलेली. तीही उघडतो.

आता क्रम असा ठरवतोय, तपासून सांगा. आज प्लास्टिकची परीक्षा. उद्या भिंतींना सीलर दोन हात. परवा पांढरं सिमेंट आणि उभ्या कोपऱ्यांतलं ग्राउट काढणे. तेरवा टब भरून न्यूट्रल सॅनिटरी सिलिकॉन. त्यानंतर दोन दिवसांनी पाणी सोडणे.

थापी
क्रम उलटा करा. सीलर शेवटी. सीलरचं कामच पृष्ठभागाला काही चिकटू न देणं. तो टाइलच्या खालच्या कडेवर ओघळला तर सिलिकॉन धरणार नाही आणि अल्कोहोलने पुसूनही जाणार नाही. शिवाय खरवडण्याची धूळ ताज्या सीलरवर बसेल.

गुण्या
थापी, सिलिकॉन आधी केलं तर सीलर त्यावर सांडेल, ते चालतं?

थापी
चालतं. पिकलेल्या सिलिकॉनवर सीलर शोषला जात नाही, कापडाने पुसून निघतो. आणि मधले दिवस ग्राउटला वाळायला मिळतात, त्याचाही फायदाच.

घमेलं
ठीक. म्हणजे आधी झडप, सिमेंट, कोपरे. मग टब भरून सिलिकॉन आणि ४८ तास थांबणं. पाणी सोडल्यावर रंधांच्या तीन चाचण्या. क्षार परत येतात का ते आठ-दहा दिवस बघून सर्वांत शेवटी सीलर. या दिवसांत टब वापरायचा नाही.

नाहणी
बरोबर. फक्त टब भरण्याआधी वेस्टचं बूच तासभर पाणी धरतंय का ते आजच बघून घ्या. सिलिकॉन भरल्यावर रात्रीत पाणी झिरपून टब रिकामा झाला तर सांधा अर्धवट पिकलेला असतानाच वर उचलला जाईल, आणि सगळं पुन्हा काढावं लागेल.